न झालेल्या अपघाताचं श्रेय : ड्रंक अँड ड्राइव्ह रोखणाऱ्या पोलिसाचं काम ओळखायचं कसं?



दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते. 'थर्टी फर्स्टला इतक्या इतक्या तळीरामांवर कारवाई.' आपण ती वाचतो, थोडं हसतो आणि पान उलटतो. तळीराम हे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधलं पात्र. नाटक संपतं तेव्हा प्रेक्षागृहात कोणी हसत नसतं, पण शब्द मात्र आपल्याकडे विनोदी होऊन बसला. त्या बातमीत आकडा असतो, तळीराम असतात, कधी दंडाची रक्कम असते. रात्रभर थंडीत नाक्यावर उभा राहिलेला हवालदार मात्र त्यात नसतो. आज आपण त्याच्याबद्दल बोलणार आहोत.

आम्ही तुमच्यासमोर एकच प्रश्न ठेवतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना रोखणाऱ्या पोलिसाने चांगलं काम केलं, हे कशावरून ओळखायचं?

प्रश्न सोपा वाटतो, पण तसा तो नाही. चोर पकडला तर चोर समोर दिसतो, ऐवज परत मिळतो. बुडणाऱ्याला वाचवलं तर वाचलेला माणूस येऊन हात जोडतो. इथे काय होतं? रात्री एक वाजता एका माणसाला गाडीतून उतरवलं. तो पुढच्या चौकात कोणाला उडवणार होता की सुखरूप घरी पोचणार होता, हे कोणालाच कधी कळत नाही. ज्याचा जीव वाचला असेल, त्यालाही कळत नाही. तो आपला दुसऱ्या दिवशी उठून कामावर जातो. थोडक्यात, या कामाचं यश म्हणजे एक न घडलेली गोष्ट. आणि न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही.

एका पोलिसाने बनवलेलं यंत्र

सुरुवात जरा लांबून, अमेरिकेतून करू. कारण ज्या यंत्रात आपल्याला फुंकर मारायला सांगतात, त्याचा पूर्वज एका पोलिसाने बनवलेला आहे. त्यांचं नाव रॉबर्ट बोर्केनस्टाइन.

जन्म १९१२चा, इंडियाना राज्यातला. सुरुवातीला ते फोटोग्राफीच्या क्षेत्रात तंत्रज्ञ होते. पुढे इंडियाना स्टेट पोलिसांच्या गुन्हे प्रयोगशाळेत लागले आणि तिथेच चढत चढत कॅप्टन झाले. गंमत बघा, १९५४ साली त्यांनी 'ब्रेथलायझर' बनवलं, तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती. ती १९५८ला मिळाली. त्याच वर्षी ते पोलिसातून निवृत्त झाले आणि इंडियाना विद्यापीठात पोलीस प्रशासन विभागाचे प्रमुख झाले.

त्याआधी काय होत होतं? पोलीस कोर्टात उभा राहून सांगायचा : साहेब, तोंडाला वास येत होता, डोळे लाल होते, सरळ रेषेत चालता येत नव्हतं. आरोपीचा वकील विचारायचा : माझा अशील थकलेला नव्हता कशावरून? आजारी नव्हता कशावरून? मग पोलिसाचा शब्द विरुद्ध आरोपीचा शब्द. श्वासातून दारू मोजणारं 'ड्रंकोमीटर' नावाचं एक यंत्र प्राध्यापक रोला हार्गर यांनी आधीच तयार केलं होतं. पण त्यात फुगा फुगवायचा, रसायनं सांभाळायची, हे सगळं रस्त्यावरच्या पोलिसाला जड जायचं. बोर्केनस्टाइन यांनी हार्गर यांच्याबरोबर काम केलं होतं. कोर्टात काय टिकतं आणि नाक्यावर काय जमतं, या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. त्यांच्या यंत्रात श्वास एका पिवळ्या रासायनिक द्रावणातून जायचा. श्वासात दारू असेल तर पिवळा रंग फिका पडायचा. किती फिका पडला ते प्रकाशाच्या साहाय्याने मोजायचं आणि आकडा वाचायचा.

आज नाक्यावर जे छोटं यंत्र असतं, ते बहुधा 'फ्युएल सेल'वर चालतं. प्लॅटिनमच्या पत्र्यावर दारूची वाफ आली की रासायनिक क्रिया होते आणि अगदी थोडी वीज तयार होते. दारू जास्त तर वीज जास्त. पद्धत बदलली, तत्त्व तेच राहिलं : फुफ्फुसात रक्त आणि हवा शेजारी शेजारी असतात, त्यामुळे रक्तातल्या दारूचा ठरावीक हिस्सा श्वासात उतरतो. साधारण २१०० मिलिलिटर श्वासात जेवढी दारू, तेवढी एक मिलिलिटर रक्तात, असं गणित धरलं जातं.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे यंत्र फक्त दारू प्यायलेल्याला पकडत नाही. न प्यायलेल्याला सोडवतंही. डोळे जागरणाने लाल आहेत, बोलताना जीभ अडखळते, म्हणून कोणावर गुन्हा दाखल होऊ नये, हीसुद्धा त्याची कामगिरी आहे.

'मला काही होत नाही'

बोर्केनस्टाइन यांचं दुसरं काम आम्हाला तितकंच मोलाचं वाटतं. १९६२-६३ साली मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात त्यांनी एक मोठा अभ्यास केला. अपघातात सापडलेल्या जवळपास सहा हजार चालकांच्या श्वासाची तपासणी झाली. पण तेवढ्याने काय कळणार? अपघात झालेल्या अमुक लोकांनी दारू घेतली होती, एवढंच. मग त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळेला रस्त्यावरून जाणाऱ्या, अपघात न झालेल्या साडेसात हजारांच्या आसपास चालकांचीही तपासणी केली आणि दोन्ही गटांची तुलना केली. निष्कर्ष स्पष्ट होता. रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या पुढे धोका ठळकपणे वाढायला लागतो आणि ८०च्या पुढे झपाट्याने चढतो. ब्रिटनने १९६७ साली ८० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली, त्यामागे या अभ्यासाचा मोठा हात होता.

भारताची मर्यादा याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल तर गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही.

आता 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. शरीर दारू निकाली काढतं ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रक्तात ११२ मिलिग्रॅम असेल, तर ३०च्या खाली यायला साडेपाच तास लागतात. दोन तास झोप काढून 'आता उतरली' म्हणत जो स्टिअरिंगवर बसतो, त्याची उतरलेली नसते. ११२ हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. त्याच्याकडे परत येऊ.

मोठा आकडा म्हणजे मोठं काम?

मूळ प्रश्नाकडे वळू. काम मोजायचं कसं? सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे केसेस मोजणे. ज्याच्या नावावर जास्त केसेस तो उत्तम अधिकारी. अनेक देशांत असे सन्मान दिलेही जातात, वर्षभरात अमुक इतक्या मद्यपी चालकांना पकडलं म्हणून. यात वाईट काही नाही. प्रत्येक केसमागे एक धोकादायक गाडी रस्त्यावरून बाजूला झालेली असते. पण एक कल्पना करून बघा.

समजा एका शहरात दोन नाके आहेत. पहिल्या नाक्यावर दर शनिवारी दोनशे गाड्या तपासतात आणि चाळीस जण सापडतात. वर्षभर हेच चालतं, दर आठवड्याला चाळीस. दुसऱ्या नाक्यावरही सुरुवातीला चाळीस सापडले. पण तिथला अधिकारी एकही शनिवार चुकवत नाही. पाऊस असो, सण असो, क्रिकेटची मॅच असो. ओळखीचा म्हणून कोणाला सोडत नाही. हळूहळू त्या भागात बातमी पसरते, 'त्या रस्त्याने जाऊ नकोस, हमखास पकडतात, रिक्षाच कर.' वर्षअखेरीस त्या नाक्यावर दोनशेपैकी सहाच जण सापडतात. आता सांगा, सत्कार कोणाचा करायचा? यादीत तर पहिला अधिकारी कितीतरी पुढे आहे.

हे निव्वळ कल्पनेतलं नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली कायद्याने श्वासचाचणी आली तेव्हा सुरुवातीला रस्त्यावरचे बळी चांगलेच घटले. लोकांना वाटलं, आता हमखास पकडले जाणार. काही वर्षांत अनुभव आला की प्रत्यक्षात तपासणी क्वचितच होते. मग धाक ओसरला आणि फायदाही ओसरला. या विषयाचे समाजशास्त्रीय अभ्यासक एच. लॉरेन्स रॉस यांनी हे नीट मांडलं आहे. कायदा तोच होता, शिक्षा तीच होती. कमी झाली ती पकडले जाण्याची खात्री.

याउलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचं बघा. तिथे डिसेंबर १९८२पासून पोलीस संशय असो-नसो, कोणत्याही चालकाला थांबवून श्वासचाचणी घेऊ लागले. तपासणी मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी, मोठ्या प्रमाणावर आणि सातत्याने. रस्त्यावरचे मृत्यू ठळकपणे घटले आणि तो परिणाम टिकला. तिथे तपासलेल्या लोकांतले बहुतेक सगळे निर्दोषच निघत. केसेसच्या भाषेत ती मेहनत वाया गेली असंच दिसेल. पण लोकांचा जीव वाचला तो त्याच मेहनतीमुळे.

मुंबईत वाहतूक पोलिसांनी २००७ साली ड्रंक अँड ड्राइव्हविरुद्ध कडक मोहीम उघडली, तेव्हाही शहराच्या सवयीत एक फरक पडला. पार्टीला निघताना 'आज गाडी कोण चालवणार?' हा प्रश्न घराघरात विचारला जाऊ लागला. ज्याच्यावर गाडीची जबाबदारी, तो पीत नाही. हा बदल कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेला नाही. पण तो आला नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

म्हणून ओळखण्याची पहिली खूण आम्ही अशी मांडतो : सातत्य. एका रात्रीत किती पकडले हे विचारण्याआधी विचारा, वर्षातल्या किती रात्री नाका लागला?

कागद नीट तर केस नीट

दुसरी खूण कागदावर दिसते. तिथे कोणाचं लक्ष जात नाही, पण खटला तिथेच जिंकला किंवा हरला जातो.

कायदा काय सांगतो? कलम २०३प्रमाणे चाचणी घेणारा पोलीस गणवेशात हवा, संशयाला वाजवी कारण हवं आणि चाचणी शक्य तितक्या लवकर झाली पाहिजे. चाचणीत दारू आढळली किंवा चालकाने फुंकायला नकार दिला, तर विनावॉरंट अटक करता येते. त्यानंतर कलम २०४प्रमाणे रक्ताचा नमुना, तोही नोंदणीकृत डॉक्टरकडून. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्या माणसाला सोडावं लागतं. म्हणजे घड्याळ दोन बाजूंनी धावत असतं. एकीकडे कायद्याचे दोन तास, दुसरीकडे रक्तातून दर तासाला कमी होणारे १५ मिलिग्रॅम.

यात बारकावेही पुष्कळ. प्रत्येकाला नवी नळी द्यायची. माणसाने नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडातल्या दारूमुळे आकडा फुगतो, म्हणून साधारण पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी घ्यायची. वेळ लिहायची, आकडा लिहायचा, सह्या घ्यायच्या. रात्री दोन वाजता, मागे हॉर्न वाजत असताना, समोरचा शिव्या देत असताना हे करायचं असतं.

आता त्या ११२कडे येऊ. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम दारू सापडली. मर्यादेच्या जवळजवळ चौपट. खालच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीन वर्षं पुरेशी होती का, हा वाद होऊ शकतो, झालाही. पण सर्वोच्च न्यायालयात पाच वर्षांनी जो आकडा उभा राहिला, तो त्या दिवशी वेळेवर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यातून आला होता.

दुसरी बाजूही बघू. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. वरिष्ठांना वेळेत कळवलं नाही म्हणून पोलीस अधिकारी निलंबित झाले. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण हिशेब आपल्याला आता करता येतो. रात्री अडीच वाजता कोणाच्याही रक्तात ११२ मिलिग्रॅम असेल, तर सकाळी अकरापर्यंत त्यातलं जवळपास काहीच उरत नाही. नमुना बदलायचीसुद्धा गरज नाही, नुसता उशीर पुरतो. अशा प्रकरणांत लोक रस्त्यावर उतरतात आणि उतरायलाच हवं. मात्र ज्या रात्री एखाद्या पोलिसाने उशीर होऊ दिला नाही, नमुना सीलबंद केला, नोंद चोख ठेवली, त्या रात्रीची बातमी होत नाही.

नाक्यावरचा माणूस

तिसरी खूण आहे दबाव सोसण्याची. गाडी थांबवली की काचेतून पहिल्यांदा बाहेर काय येतं? लायसन्स नाही, मोबाइल येतो. 'साहेबांशी बोला.' हवालदाराच्या हातात दोन गोष्टी असतात, एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याचा फोन. त्या फोनवर तो काय उत्तर देतो, यावर पुढची बदली ठरू शकते, हे त्याला माहीत असतं. तरी तो 'सर, आधी फुंकू द्या, मग बोलतो' म्हणतो, तेव्हा त्याने केलेलं काम कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

धोका फक्त बदलीचा नाही. ऑगस्ट २०१६मध्ये मुंबईत खार भागात वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेटविना दुचाकी चालवणाऱ्या एका मुलाला अडवलं. त्यावरून त्यांच्या डोक्यात फटका मारला गेला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ती केस दारूची नव्हती, हेल्मेटची होती. पण गाडी अडवणाऱ्या पोलिसाला काय किंमत मोजावी लागू शकते, हे त्यातून कळतं. आणि समोरचा प्यायलेला असतो, तेव्हा धोका वाढलेलाच असतो. तो विचार करून वागेल अशी अपेक्षाच ठेवता येत नाही.

आम्ही इथे सगळ्या पोलिसांना हार घालायला बसलेलो नाही. नाक्यावर चिरीमिरी चालते, ओळखीच्याला सोडलं जातं, हे आपण सगळे जाणतो. उलट त्यामुळेच चांगलं काम वेगळं काढून ओळखणं जास्त गरजेचं होतं. सरसकट 'सगळे तसलेच' म्हटलं की चोख काम करणाऱ्याला आपण सांगत असतो, तू केलंस काय आणि न केलंस काय, आमच्या लेखी सारखंच.

मग सन्मान कसा करायचा?

सरकारी सन्मान आहेत. राष्ट्रपती पदकं आहेत, पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह आहे. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी कर्तव्यावर गेलेल्यांचं स्मरण होतं. ते सगळं असावंच. पण ड्रंक अँड ड्राइव्हच्या कामासाठी कोणाची निवड करायची असेल, तर केसेसच्या आकड्याबरोबर तीन प्रश्न विचारले जावेत असं आम्हाला वाटतं. नाका सातत्याने लागला का? दाखल केलेल्या केसेसपैकी किती कोर्टात टिकल्या? आणि त्या रस्त्यावरचे रात्रीचे अपघात वर्ष-दोन वर्षांत कमी झाले का? ही तिन्ही उत्तरं पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या नोंदींत मिळू शकतात. फक्त ती काढून एकत्र बघायला हवीत. आणि श्रेय एकट्या अधिकाऱ्याला देऊन थांबू नये. नळी बदलणारा शिपाई, नोंद लिहिणारा हवालदार, रात्री नमुना घेणारा डॉक्टर, ही सगळी एकच साखळी आहे.

आता आपलं काय? आपल्या हातात पदक नाही. पण पुढच्या वेळी नाक्यावर गाडी थांबवली, की काच खाली करा, इंजिन बंद करा आणि फुंकर मारा. 'माझ्याकडे बघून वाटतं का?' असं विचारू नका. न्यू साउथ वेल्समध्ये तपासले गेलेले बहुतेक लोक प्यायलेले नव्हतेच. त्यांनी दिलेल्या अर्ध्या मिनिटामुळे पुढचा माणूस पकडला गेला. कोणी नातेवाईक पकडला गेला आणि त्याचा फोन आला, तर 'थांब, बोलतो साहेबांशी' म्हणू नका. त्याला घरी आणायची सोय करा, वकील द्या, पण चाचणी होऊ द्या. आणि जाता जाता त्या हवालदाराला 'रात्रीची ड्युटी का?' एवढं विचारलंत तरी चालेल.

त्याने कोणाला वाचवलं हे त्याला कळणार नाही. आपल्यालाही कळणार नाही. कदाचित वाचलेले आपणच असू.